कॅमेरा नकाशावर नोंदवताना...

कोल्हापूर - पुण्याहून महामार्गाने कोल्हापूरकडे येणाऱ्या मोटारीत हल्ली एक प्रसंग हमखास घडतो. समोर लावलेल्या मोबाईलमधून "पुढे वेगमापक कॅमेरा आहे" अशी सूचना येते. चालकाचा पाय ब्रेककडे जातो, वेगाचा काटा खाली उतरतो आणि कॅमेऱ्याचा खांब मागे पडला, की पुन्हा वर चढतो. ही सूचना मोबाईलला दिली कोणी? अनेकदा ती त्याच रस्त्यावरून आधी गेलेल्या एखाद्या प्रवाशाने नोंदवलेली असते. वाहनचालकांनीच घडविलेल्या या नकाशांमध्ये कॅमेऱ्याची नोंद नेमकी कशी होते आणि ती करताना कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

लोकांनी लोकांसाठी

कोणालाही भर घालता यावी अशा "ओपनस्ट्रीटमॅप" या नकाशाची सुरवात २००४ मध्ये ब्रिटनमध्ये झाली. इस्राएलमध्ये जन्मलेले "वेझ" हेही वापरकर्त्यांच्या नोंदींवर उभे राहिले. २०१३ मध्ये ते गुगलने विकत घेतले. गुगलच्या स्वतःच्या नकाशात वेगमापक कॅमेऱ्यांच्या सूचना २०१९ पासून भारतातही मिळू लागल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय, आयआयटी मद्रास आणि मॅपमायइंडिया यांनी डिसेंबर २०२१ मध्ये अपघातप्रवण जागांची सूचना देणारे मोफत ॲप आणले. धोक्याची आगाऊ कल्पना चालकाला मिळावी, हे तत्त्व सरकारनेही स्वीकारल्याचे यातून दिसते.

नोंद दोन प्रकारची

खांबावर किंवा कमानीवर कायमचा बसवलेला कॅमेरा ही पहिल्या प्रकारची नोंद. वेझमध्ये प्रवाशाने असा कॅमेरा कळवला, तरी त्या भागाच्या जाणत्या संपादकाने पडताळणी केल्यावरच तो नकाशावर पक्का होतो. ओपनस्ट्रीटमॅपवर तो प्रत्यक्ष पाहून नोंदवावा लागतो. दुसऱ्या नकाशावरून उतरवून घेतलेली माहिती तेथे चालत नाही.

महामार्ग पोलिसांचे स्पीड गन बसवलेले वाहन ही दुसऱ्या प्रकारची नोंद. ते आज एका ठिकाणी, तर उद्या दुसऱ्या ठिकाणी उभे राहते. अशी सूचना तात्पुरती असते. पुढच्या वाहनचालकांनी दुजोरा दिला नाही, तर काही वेळाने ती आपोआप नाहीशी होते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अशा फिरत्या गोष्टींना स्थानच नाही.

चूक होते ती येथे

सर्वांत मोठी चूक दिशेची. कॅमेरा पुण्याकडे जाणाऱ्या मार्गिकेवर नजर ठेवून असेल आणि नोंद करताना दिशा दिली नाही, तर कागलकडे जाणाऱ्यालाही इशारा मिळतो. दुसरी चूक जागेची. मोबाईलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतोच. शिरोली ते उचगाव या भागात महामार्गाला खेटून सेवा रस्ता धावतो. तेथे एवढ्या फरकानेही कॅमेऱ्याची खूण भलत्याच रस्त्यावर जाऊन बसते. मग भरधाव गाडी विनाकारण ब्रेक लावते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी चूक म्हणजे जुनी नोंद तशीच राहणे. सहापदरीकरणाच्या कामामुळे कागल-सातारा टप्प्यात वळणमार्ग वरचेवर बदलत राहिले. अशा ठिकाणी खांब हलतात, वेगमर्यादाही बदलते. त्यामुळे नवा कॅमेरा नोंदवण्याइतकेच हटवलेला कॅमेरा नकाशावरून काढणेही महत्त्वाचे ठरते. सिग्नलवरचा किंवा केवळ देखरेखीसाठी लावलेला प्रत्येक कॅमेरा वेग मोजत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

कॅमेऱ्याची जागा सांगणे म्हणजे पोलिसांचे गुपित फोडणे नव्हे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. जर्मनीत वाहन चालवताना अशी सूचना देणारे ॲप वापरण्यास चालकाला मनाई आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगण्यावर बंदी घातली; त्याऐवजी तेथे "धोक्याचा टप्पा" दाखवला जातो. हा टप्पा गावात ३०० मीटर, गावाबाहेर दोन किलोमीटर, तर द्रुतगती मार्गावर चार किलोमीटरचा असतो. ब्रिटनमध्ये याउलट कॅमेरे नजरेत भरावेत म्हणून पिवळे रंगवले जातात.

आपल्याकडचा नियम ब्रिटनच्या पद्धतीशी जवळीक साधणारा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. देखरेखीखालील टप्प्याआधी ठळक इशाराफलक लावावेत, यंत्राला अचूकतेचे प्रमाणपत्र असावे आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असे तो सांगतो. कॅमेरे बसवायच्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचाही समावेश आहे. जेथे फलक लावणे बंधनकारक आहे, तेथील स्थिर कॅमेरा नकाशावर दाखवण्यात गुपित असे काही उरत नाही. पोलिसांच्या फिरत्या वाहनाची गोष्ट मात्र वेगळी. ते कोठे असेल हे ठाऊक नसणे, हाच त्याचा धाक असतो. ही नोंद टाळलेलीच बरी.

खांबापुरती शिस्त

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. केंद्राच्या आकडेवारीनुसार त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. वेग ६० वरून ८० झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते. खांबापुरता वेग कमी करणाऱ्याला पुढच्या वळणावर ही गणिते चुकत नाहीत.

दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेपुढे तर ही चलाखी मुळीच चालत नाही. मर्यादा १०० ची असताना २० किलोमीटरला किमान १२ मिनिटे लागायला हवीत. ते अंतर दहाच मिनिटांत कापले, तर सरासरी १२० झाली; मग मधल्या एखाद्या खांबाजवळ काटा कितीही खाली आणलेला असो.

म्हणूनच नुसती कॅमेऱ्याची खूण ही अर्धी नोंद आहे. तेथील वेगमर्यादा, ती कोठून कोठपर्यंत आहे, पुढे शाळा आहे की गावाचा फाटा, हेही नकाशावर आले, तर इशारा दंडापुरता न राहता धोक्याचा होतो.

नोंद करणाऱ्यांनी एवढे पाळावे -

- गाडी चालवताना नोंद करू नये. ऑक्टोबर २०२० पासून मोबाईल मार्ग पाहण्यापुरता वापरण्यास मुभा आहे. तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तरच. टाइप करणे त्यात बसत नाही. सोबतच्या प्रवाशाने किंवा मुक्कामी पोचल्यावर नोंद करावी.
- दिशा, वेगमर्यादा आणि रस्ता (मुख्य की सेवा) न चुकता द्यावा.
- ऐकीव माहितीवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या याद्यांवर विसंबू नये.
- कॅमेरा आहे. पण इशाराफलक नाही, असे आढळल्यास वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करावी.

पुढचा चालक अनोळखी असतो. पण आपण नकाशावर लिहिलेल्या शब्दावर तो विश्वास टाकतो. त्या विश्वासाला पात्र ठरेल एवढीच नोंद करावी.