मागून पाणी येतंय का? शिडाच्या होडीचं इंजिन थंड ठेवताना

सुरुवातीला जो पच्... पच्... पच्... आवाज ऐकलात ना, तो गळक्या नळाचा नव्हता. शिडाच्या होडीच्या पोटात डिझेल इंजिन असतं, त्याचं पाणी मागच्या एक्झॉस्टमधून समुद्रात पडतं, त्याचा तो आवाज. आजचा भाग त्याच आवाजावर आहे. वाचणाऱ्यांनी मनात ऐकावा.

मी आठवडाभर सर्व्हर सांभाळतो आणि रविवारी मित्राची सेकंडहँड सेलबोट. ती गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते. "शीड आहे तर इंजिन कशाला?" असं आई अजून विचारते. वारा पडला की कळतं कशाला.

गाडीच्या रेडिएटरला समोरून हवा मिळते. होडीचं इंजिन बंद पेटीत, तिथे हवा कुठली? म्हणून समुद्रच रेडिएटर. आत दोन पाणी फिरतात. एक कूलंट, ते इंजिनातून गोल गोल फिरतं. दुसरं खारं पाणी. ते होडीच्या तळाच्या सीकॉकमधून, म्हणजे व्हॉल्व्हमधून, आत येतं, गाळणीतून पंपात जातं आणि तिथून हीट एक्स्चेंजरमध्ये. तिथे बारीक नळ्यांतून खारं पाणी, नळ्यांच्या बाहेरून कूलंट. उष्णता बदलते, पाणी मिसळत नाही. मग तेच खारं पाणी एक्झॉस्टच्या धुरात सोडतात. धूर गार होतो, म्हणून पुढचा पाइप रबराचा असला तरी चालतो. पाणी थांबलं तर तोच पाइप जळायला लागतो.

या सगळ्यात नाजूक काय, तर पंपातला इम्पेलर. रबराचं छोटं चक्र, आमच्यात सहा पाती. पाणीच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर मिनिट-दोन मिनिटांत पाती तुटू शकतात.

गेल्या एप्रिलमध्ये आमचं हेच झालं. संध्याकाळी परत येताना वारा पडला, ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती, आणि घारापुरीच्या लाँची दोन्ही बाजूंनी भोंगे वाजवत होत्या. इंजिन लावलं. दहा मिनिटांनी तापमानाचा अलार्म. मी मागे वाकून पाहिलं: नुसता पांढरा धूर, पाणी नाही. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. नांगर धरला, हे नशीब.

इथे माझ्यातला इंजिनिअर खजील झाला. आमचा अलार्म कूलंटचं तापमान मोजतो. खारं पाणी बंद पडल्यावर कूलंट तापायला वेळ लागतो, म्हणजे अलर्ट येतो तेव्हा बिघाड जुना झालेला असतो. मागचा आवाज मात्र लगेच बदलतो. इंजिन सुरू केल्यावर तीस सेकंदात मागे पाणी दिसलं नाही तर बंद करा, एवढंच मॉनिटरिंग पुरेसं होतं.

गाळणी उघडली. आत प्लॅस्टिकची पिशवी, दुधाची असावी. मुंबईचा हार्बर आहे, नवल नाही. पिशवी काढली, पण पाणी तरी येईना. म्हणजे इम्पेलर गेला. तो बदलताना आधी सीकॉक बंद, नाहीतर समुद्र होडीत. मी इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवतो, म्हणजे तो उघडल्याशिवाय इंजिन लागतच नाही. मग पंपाचं झाकण, जुना इम्पेलर बाहेर, नव्याला थोडं ग्लिसरीन (साधं ग्रीस नको, रबर खराब होतं), आणि फिरण्याच्या दिशेनेच वळवत आत. पाणी आलं! पण धार बारीक. हळूहळू, कमी आरपीएमवर, कसेबसे बोयाला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी करंजाच्या मेकॅनिक काकांना फोन लावला. ट्रॉलरची इंजिनं करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी एकच विचारलं, "जुन्याची पाती मोजलीस का रे?"

मोजली नव्हती. मोजली तर तीनच. उरलेली तीन पाण्याबरोबर पुढे गेली होती. हीट एक्स्चेंजरचं झाकण काढलं, तर नळ्यांच्या तोंडाशी दोन तुकडे अडकलेले. शिवाय आतला झिंकचा खिळा संपलेला. तो मुद्दाम झिजायलाच बसवतात, म्हणजे खारं पाणी त्याला खातं, एक्स्चेंजरला नाही. मित्राने होडी घेतल्यापासून तो कुणी पाहिलाच नव्हता. (कुणी म्हणजे मीच.)

आता पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर काढली की आम्ही खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुतो आणि इम्पेलर काढून ठेवतो, नाहीतर चार महिने एकाच जागी दबून पाती वाकडी होतात. कूलंटचं झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडायचं; गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि तिसरा तुकडा? तो त्या दिवशी सापडलाच नाही. महिन्याभराने एक्झॉस्टचा एल्बो उघडला, तेव्हा मीठ आणि काजळीच्या थरात रुतून बसलेला मिळाला. सुरुवातीचं रेकॉर्डिंग त्यानंतरचं आहे.