होडीतली पेट्रोलची टाकी

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही ताईकडे रेवदंड्याला पोचलो. भावोजींनी नुकतीच एक लहान होडी घेतली होती. मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन, बसायला चार फळ्या. मुले फुलबाज्यांची पेटी घेऊनच खाडीकडे धावली. होडीत बसून ती काडी ओढणार, तोच शेजारचे म्हातारे तांडेल ओरडले, “काडी ओढू नका! आधी सगळी खाली उतरा!”

त्यांना वास आला होता. तळाची फळी उचलली, तर खाली साचलेल्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग! इंधनासाठी भावोजींनी घरातला पत्र्याचा डबा वापरला होता आणि खाऱ्या हवेने त्याचा सांधा कुजला होता.

आता तुम्ही म्हणाल, थोडेसे पेट्रोल गळले तर एवढे काय झाले? रस्त्यावर सांडलेले पेट्रोल वाऱ्याने उडून जाते. होडी मात्र वाटीसारखी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते आणि तिथून हलत नाही. हवेत ती शेकडा दीड-दोन भाग झाली तरी एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी निवडताना ती किती मोठी, हे नंतर पाहावे. ती गळणार तर नाही ना, हे आधी.

लहान होडीला उचलून नेता येईल अशी, होडीसाठीच बनवलेली जाड प्लास्टिकची टाकी उत्तम. ती गंजत नाही. पाण्याचा कॅन मात्र तिची जागा घेऊ शकत नाही. टाकी होडीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवून भरावी आणि नळीचे तोंड टाकीच्या तोंडाला टेकलेले असावे, म्हणजे घर्षणाच्या विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठही भरू नये. पारा वीस अंशांनी चढला, तर 25 लिटर पेट्रोल जवळजवळ अर्ध्या लिटरने फुगते!

टाकी होडीत कायमची बसवायची असेल, तर पाहण्याच्या गोष्टी वाढतात. लोखंडी पत्रा गंजतो. अॅल्युमिनियम गंजत नाही खरे, पण त्याच्याखाली खारे पाणी अडकले किंवा पितळ-तांबे त्याला टेकले, तर त्याला बारीक भोके पडतात. नळ्या टाकीच्या माथ्यातूनच निघाव्यात. बुडाशी तोटी असली आणि ती गळली, तर सगळे पेट्रोल होडीत! वाफ जाण्याची नळी होडीबाहेर उघडावी.

आणखी एक. हल्ली आपल्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि काही जुन्या फायबरग्लासच्या टाक्यांचे अस्तर विरघळवते. टाकी आणि नळी इथेनॉलला टिकेल ना, हे दुकानदाराला विचारूनच पैसे द्यावेत.

भाऊबिजेला ताईने ओवाळले. मी साडीऐवजी एक लाल टाकी तिच्यापुढे ठेवली. ताई हसली, भावोजी ओशाळले. मुलांनी फुलबाज्या लावल्या त्या अंगणात, होडीपासून दूर.