शाबितीचा भार कोणावर?

खानापूर व लोंढा यांच्या दरम्यान गुंजी हे रेल्वेमार्गावरील गाव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याचे बँकेत जुने खाते आहे असे समजा. भाताचे, काजूचे पैसे त्यात जमा होतात; पासबुकावर त्याचे नाव, पत्ता व छायाचित्र आहे. एके दिवशी त्याला सांगण्यात येते की, ठरल्या तारखेपर्यंत खाते आधार क्रमांकाशी जोडले नाही, तर ते बंद पडेल. त्याने कारण विचारताच उत्तर मिळते, 'बेनामी खाती नि काळा पैसा रोखावयाचा आहे. तुमच्याजवळ लपविण्यासारखे काही नसेल, तर भिता कशाला?'

उत्तर बिनतोड वाटते खरे. परंतु त्यात एक अदलाबदल गुपचूप झालेली असते. जो विधान करतो त्यानेच ते शाबीत करावे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे सूत्र होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. व्यवहार बेनामी आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही जयदयाल पोद्दार यांच्या खटल्यात सांगितले होते. शेतकऱ्याला मात्र आपल्याजवळ काही लपविलेले नाही हे दाखवावयास सांगितले जाते. नसलेली वस्तू तो दाखविणार कशी? वर्गात एका मुलाची पेन्सिल हरवली म्हणून साऱ्या वर्गाची दप्तरे रिकामी करविणाऱ्या गुरुजींना मुले मुकाट्याने दप्तर दाखवितात, पण त्या दिवसापासून ती गुरुजींकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात.

हा प्रसंग सर्वस्वी कल्पित नव्हे. १ जून २०१७ रोजी केंद्र सरकारने अवैध पैशाच्या प्रतिबंधाचे नियम बदलून बँक खात्यांना आधार जोडणे सक्तीचे केले व त्यासाठी ३१ डिसेंबर २०१७ ही मुदत घातली. ती पुढे वाढविण्यात आली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध केलेला अर्ज तोपर्यंत प्रलंबितच होता. २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल लागला आणि ही सक्ती रद्द झाली. काळा पैसा रोखण्याचा हेतू न्यायालयाने गैर मानला नाही. प्रत्येक खाते जोडल्याने तो हेतू कसा साधेल आणि सौम्य उपाय अपुरे का पडतात, हे सरकारने दाखविले नव्हते. साऱ्या खातेदारांना संशयित ठरविणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

याचा अर्थ निनावी खात्याला मोकळीक मिळाली असा मुळीच नाही. खातेदाराची ओळख पटवून घेण्याचा रिझर्व्ह बँकेचा २००२ पासूनचा दंडक तसाच राहिला, आणि तो रास्तच आहे. स्वतःची ओळख ही ज्याची त्यालाच सहज दाखविता येते; तेवढा भार खातेदाराने उचलावा. उद्या कोणी निनावी खाती कायदेशीर करा म्हणू लागला, तर लबाडांना त्यांचा आश्रय मिळणार नाही, हे दाखविणे त्याच्याकडे येईल.

ही कसोटी उलट्या दिशेनेही लागते. २०१८ च्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत देणगीदाराचे नाव स्टेट बँकेला ठाऊक असे, मतदाराला नसे. येथे नाव झाकण्याची बाजू सरकार मांडीत होते, आणि कारण पुन्हा काळ्या पैशाचेच होते! नागरिकांच्या माहितीच्या हक्काला सर्वांत कमी बाध आणणारा हाच मार्ग आहे, हे सरकारला सिद्ध करता आले नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने ती योजना रद्द केली. मार्च महिन्यात निवडणूक आयोगाने नावे प्रसिद्ध केली.

गुंजीच्या शेतकऱ्याला मात्र सरकारी अनुदान खात्यात हवे असल्यास आधार द्यावा लागतो. तो भाग २०१८ च्या त्याच निकालाने वैध ठरविला आहे.