चपराशी या शब्दातलं पितळ

बुलढाण्याच्या कचेरीत कागद घेऊन गेलेला माणूस आधी चपराशाला शोधतो. साहेब आत आहेत का, अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे त्यालाच ठाऊक असतं. सरकारदरबारी त्याचं पद ‘शिपाई’, पण वऱ्हाडात तोंडी येतो तो चपराशीच. या रोजच्या शब्दात एक अख्खी वस्तू लपलेली आहे, हे कळलं तेव्हा थक्क व्हायला झालं.

ती वस्तू म्हणजे चपरास. पितळेची पाटी, तिच्यावर कचेरीचं नाव कोरलेलं. ती कापडी किंवा चामडी पट्ट्यावर बसवायची आणि पट्टा अंगावर बांधायचा. चपरास ज्याच्या अंगावर, तो चपराशी. मुंबईकडे लोकांची नजर पाटीऐवजी पट्ट्यावर पडली आणि तिकडे हाच माणूस पट्टेवाला झाला! वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, 1903 साली मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि 1956 साली मुंबई राज्यात सामील झालं. कारभार वेगळा, शब्द वेगळा. मूळ मात्र एकच, अंगावरची ओळख.

चपरास शब्दाची एक व्युत्पत्ती फारसी ‘चप-ओ-रास्त’पर्यंत नेतात. चप म्हणजे डावा, रास्त म्हणजे उजवा. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पण तो ‘रास्त’ आपल्या ओळखीचा आहे. फारसीत त्याचा अर्थ सरळ, खरा असाही होतो, आणि आपल्या गावातल्या रास्त भाव दुकानाच्या पाटीवर तोच शब्द बसलेला असतो.

आता या पितळेकडे पुन्हा पाहा. पाटीवर नाव होतं ते कचेरीचं. ती पाटी गावात आली की सरकार दारात आलं, एवढं लोकांना कळायचं. ज्याच्या छातीवर ती चमकायची, त्याचं नाव वाचायची सोय तिच्यावर नव्हती.

ओळखीची ही दिशा पुढे उलटी फिरली, त्यात एका पत्राचा मोठा वाटा आहे. 26 ऑगस्ट 1986 रोजी पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. 18 डिसेंबर 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे नावाची ही सक्ती कायद्यात उतरली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 36 मध्ये आहे.

‘कोणीतरी पोलीस आला होता’ या वाक्यावर चौकशी पुढे सरकत नाही. नाव कळलं की जाब विचारता येतो. एसटी कंडक्टरच्या बिल्ल्याचंही तेच. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्याला अशा बिल्ल्यांचे नियम करता येतात. बुलढाणा-खामगाव गाडीत राहिलेले सुट्टे पैसे मागायचे असोत किंवा विसरलेली पिशवी परत मिळाल्याबद्दल आभाराचं पत्र लिहायचं असो, बिल्ल्याचा नंबर हाताशी असला की माणूस सापडतो. राज्य सरकारनेही 2014 साली परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना ओळखपत्र दर्शनी भागावर लावायला सांगितलं.

म्हणजे जी पाटी आधी लोकांना सरकारची ताकद दाखवायची, तीच आज सरकारी माणसाची ओळख लोकांच्या हाती देते. गळ्यातल्या हातभर फितीला लटकणाऱ्या प्लास्टिकच्या कार्डात एवढा मोठा बदल मावला आहे.

निराधार योजनेचा अर्ज घेऊन आलेल्या आजीला कचेरीच्या दारात तो चपराशी भेटेल. त्याच्या कार्डावर आता कचेरीच्या नावासोबत त्याचं स्वतःचं नाव आहे, जुन्या पितळेवर ज्याला जागा नव्हती ते. आजीने ते नातवाकडून वाचून घ्यावं आणि त्याला त्याच नावाने, पुढे ‘भाऊ’ जोडून, हाक मारावी.