आजारी माणसाक खंय नेतलास?

सकाळी पावणेसात. चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. बांद्याहून, म्हणजे नंबर बांद्याचा, माझ्याकडून आरोग्य विमा घेतलेल्या एका गृहस्थांची मुलगी बोलत होती म्हापशाहून. "ताई, बाबांका रात्री गोव्यात हाडलंव." रात्री दोन वाजता छातीत कळ आली, घाम फुटला, शेजाऱ्याच्या गाडीत घालून तडक म्हापसा गाठलं. अँजिओग्राफी झाली होती, सकाळी स्टेंट घालायचं ठरत होतं. आता काउंटरवर डिपॉझिट मागत होते.

मी तिला आधी बसायला सांगितलं. मग तीन कामं सांगितली. विम्याचं कार्ड आणि आधारचा फोटो मला पाठव. काउंटरवर सांग की कॅशलेसची विनंती पाठवायची आहे. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: डॉक्टरांनी विचारलं की बीपी किती वर्षांपासून आहे, तर अंदाजाने "धा वर्सां झाली" म्हणू नकोस. गोळी २०१९ साली सुरू झाली, आपण फॉर्ममध्येही तेच लिहिलंय, तेच सांग. पहिल्या केसपेपरवर घाईत लिहिलेला एक आकडा पुढे कंपनीच्या टेबलावर "माहिती लपवली" म्हणून वाचला जातो. खरं सांगितलेलं असूनही केवळ धांदलीत तोंडून निसटलेल्या शब्दामुळे क्लेम अडकलेले मी पाहिलेत.

ते हॉस्पिटल त्यांच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये नव्हतं. तरी जानेवारी २०२४पासून विमा कंपन्यांनी नेटवर्कबाहेरही कॅशलेसची सोय ठेवलीय. अचानक दाखल झालेल्या माणसाची खबर ४८ तासांत कंपनीला गेली पाहिजे आणि हॉस्पिटल राजी पाहिजे. सात वाजून दहा मिनिटांनी माझा मेल गेला. चहा उकळून आटला होता, दुसरा ठेवला.

साडेनऊ. मंगळवार, सावंतवाडीचा आठवडा बाजार. माझं ऑफिस म्हणजे एका जुन्या माडीवरची एक खोली, खाली सुक्या मासळीचा वास आणि लाल माठाच्या जुड्या. बाजाराच्या दिवशी गावची माणसं पिशवीसकट वर येतात. म्हणून मंगळवारी मी बाहेरची कामं दुपारपर्यंत ठेवत नाही.

टेबलावर माझं रजिस्टर असतं. प्रत्येक कुटुंबाला एक पान. पानाच्या डोक्यावर नाव, त्याखाली पिनकोड नाही, वाट. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारते: घरातलं माणूस रात्री आजारी पडलं तर तुम्ही त्याला कुठे न्याल? आमच्या सिंधुदुर्गात या प्रश्नाची चार उत्तरं येतात. साध्या दुखण्याला इथलंच हॉस्पिटल. मोठं काही असेल तर गोवा, कारण बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि म्हापसा-पणजीतली खाजगी हॉस्पिटलं तासा-दोन तासांवर. घाटमाथ्याकडची माणसं बेळगाव किंवा कोल्हापूर म्हणतात. आणि ज्यांची मुलं मुंबईला आहेत ते मुंबई म्हणतात, पाचशे किलोमीटर दूर असली तरी. पावसाळ्याचं वेगळं विचारावं लागतं. आंबोलीच्या घाटात दरड आली की बेळगावची वाट बंद, मग घाटावरच्या चौकुळच्या माणसालाही खाली उतरायची सोय राहत नाही.

हे सगळं पॉलिसी घेण्याआधी कळायला हवं, कारण बऱ्याच विमा कंपन्या देशाचे झोन पाडतात. पहिल्या झोनमध्ये मुंबई, दिल्लीसारखी शहरं, तिथला हप्ता जास्त. आमच्यासारखे जिल्हे शेवटच्या झोनमध्ये, हप्ता कमी. प्रत्येक कंपनीचा नकाशा निराळा. पुणे कुणाकडे पहिल्यात, कुणाकडे दुसऱ्यात. काही कंपन्या झोन पाडतच नाहीत. स्वस्त झोनचा हप्ता भरून महागड्या झोनमध्ये उपचार घेतले तर अनेक पॉलिसींत बिलाचा काही हिस्सा, बहुधा दहा ते वीस टक्के, आपल्या खिशातून जातो. त्याला को-पे म्हणतात. ही अट पॉलिसीच्या आत छापलेली असते, जाहिरातीत नाही.

अकरा वाजता मळगावचे काका-काकी आले. काका ५८, काकी ५४. काकींना थोडी साखर. काकांनी पिशवीतून एक कागद काढला, दुसऱ्या कुणीतरी दिलेलं कोटेशन. दहा लाखांचं कव्हर, हप्ता साडेबत्तीस हजार.

"आणि तुमचो हप्तो किती पडतलो?"

मी म्हटलं, "हप्त्याचं मागाहून. काका, आजारी माणसाक खंय नेतलास?"

"झील डोंबिवलीक आसा. थंयच नेतलो. हंय कोण बघतलो?"

कोटेशनवर पिनकोड मळगावचा होता. तो खोटा नव्हता, दोघं राहतात मळगावलाच. पण त्यांची वाट डोंबिवलीची, आणि त्या कंपनीच्या नकाशात डोंबिवली मुंबईबरोबर पहिल्या झोनमध्ये. तसा हप्ता अडतीस हजारांवर जात होता. साडेपाच हजारांचा फरक. काकींच्या चेहऱ्यावर तो फरक स्पष्ट दिसला. काजूचं पीक यंदा कसं येईल याची खात्री नाही, मोहोर नुकता धरलाय.

मग मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. हे मी सगळ्यांना सांगत नाही. २०१७ साली बाबांची बायपास मुंबईत झाली. पॉलिसी मीच काढलेली, सावंतवाडीचा ४१६५१० पिनकोड घालून, कारण हप्ता कमी बसत होता. बिल झालं चार लाख साठ हजार. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की वीस टक्के आम्ही भरायचे. ब्याण्णव हजार. भाऊ हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मित्रांना फोन लावत होता आणि बाबा खाली व्हीलचेअरवर कपडे करून बसले होते. ते अडीच तास मी विसरलेले नाही. पानं माझ्याकडे होती, मी ती वाचली नव्हती. त्यानंतर पॉलिसीचं पान न् पान वाचल्याशिवाय मी कुणाच्या फॉर्मवर सही घेतलेली नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मगे घरचोच पत्तो घाला, पन मुंबयचो झोन घेवया." अगदी हेच करता येतं. पत्ता खरा ठेवायचा आणि वरच्या झोनचा फरक भरायचा, बऱ्याच कंपन्या ती मुभा देतात. उलटं मात्र कधी करू नये, म्हणजे डोंबिवलीत राहणाऱ्या मुलाने हप्ता वाचवायला गावचा पत्ता घालणं. तसा सल्ला देणारेही आमच्या धंद्यात आहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

काकींची साखर फॉर्ममध्ये लिहिली. आधीपासूनच्या आजाराला थांबायची मुदत २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होती. "म्हणजे तीन वर्सां माका काय होता कामा नये," काकी म्हणाल्या. मी त्यांना दुसरी एक पॉलिसी दाखवली, हप्ता थोडा जास्त पण साखरेची मुदत कमी. ती घरी नेऊन वाचतो म्हणाले. एक दिलासा आहे, सप्टेंबर २०२५मध्ये घरच्या आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला. काकांना मी तेवढंच म्हटलं की वाचलेल्या त्या पैशांत झोनचा फरक बसतो.

पावणेएक. म्हापशाहून मेसेज: कॅशलेस मंजूर, पहिली रक्कम आली. हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून तासाभरात निर्णय द्यायचा असा विमा नियामकाचा नियम आहे, आज तो पाळला गेला. स्टेंट घातला होता, माणूस शुद्धीवर होता. या पॉलिसीत गोव्याला को-पे नाही, हे मी दोन वर्षांपूर्वी घेतानाच पाहून ठेवलं होतं. बांद्याच्या माणसाची वाट दुसरी असणारच नव्हती.

दीड वाजता एका छोट्या नर्सिंग होममध्ये, एका क्लेमच्या कागदांसाठी. क्लेम फॉर्मचा भाग अ घरच्यांनी भरायचा, भाग ब हॉस्पिटलने. भाग बमध्ये दोन रकाने असतात, नोंदणी क्रमांक आणि खाटांची संख्या. लोकांना वाटतं पाटी लावली की हॉस्पिटल. विम्याच्या लेखी ते नोंदणीकृत असावं लागतं. तशी नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा, मोठ्या शहरात पंधरा, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, असे निकष लागतात. तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा खाटांचे भले डॉक्टर असतात, त्यांच्या हाताला गुण असतो, पण नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं असतं. म्हणून गावातल्या कुटुंबांना मी सांगते, नेहमीच्या डॉक्टरांकडे भिंतीवर लावलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र बघून ठेवा, तारखेसकट. आजच्या डॉक्टरांनी स्वतःच काढून दाखवलं. मुदतीत होतं.

जेवण घरी, कुळथाची पिठी आणि भात. दहा मिनिटं पाठ टेकली.

तीन वाजता पुण्याहून एका मुलीचा व्हिडिओ कॉल. आयटीत आहे, आईवडील इथे. तिचं म्हणणं, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघं आहेतच, वेगळी कशाला? मी विचारलं, नोकरी बदललीस तर? ती पॉलिसी नोकरीबरोबर जाते. शिवाय तिच्या पॉलिसीत तीन लाखांचं कव्हर आणि खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला तीन हजार. सावंतवाडीत तीन हजारांत चांगली स्वतंत्र खोली मिळते, मर्यादा कधी जाणवतही नाही. पुण्यात तशीच खोली सहा हजारांची झाली की गणित फिरतं. मी तिला कागदावर करून कॅमेऱ्यासमोर धरलं. खोली हक्काच्या दुप्पट भाड्याची, म्हणून कंपनी भाड्याचे निम्मेच देणार, इथवर सगळ्यांना कळतं. पण खोलीनुसार बदलणारे इतर खर्चही, म्हणजे सर्जनची फी, थिएटर, भूल, त्याच प्रमाणात निम्मे होतात. एक लाख चाळीस हजारांचे सत्तर हजार. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, आयसीयूलाही नाही. "म्हणजे आई इथे आजारी पडली तर चालेल, माझ्याकडे आली असताना नाही," ती म्हणाली. तेच. आणि आई वर्षातले चार महिने तिच्याकडे असते.

वडील ७२ वर्षांचे. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढून घे म्हटलं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, योजनेतल्या हॉस्पिटलांत. महात्मा फुले योजनाही रेशनकार्डावर आता पाच लाखांपर्यंत आहे. त्यातून मला कमिशन मिळत नाही. तरी आधी तीच सांगते, कारण ज्याच्या वाटेवर योजनेतलं चांगलं हॉस्पिटल आहे त्याला खाजगी पॉलिसी छोटी पुरते.

पाच वाजता स्कूटरने बांदा. म्हापशाहून मुलीचा भाऊ कपडे न्यायला आला होता, त्याच्याकडे कागद द्यायचे होते. ओसरीवर त्याचे चार मित्र जमले. सगळे गोव्यात कामाला, एक मोपा विमानतळावर, बाकीचे कारखान्यांत. रोज सकाळी पत्रादेवी ओलांडायची, रात्री परत. एकाने विचारलं, "आमी धा वर्सां गोव्यात काम करतंव, थंयची योजना आमका लागू नाय?" नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी आहे, तिथे राबणाऱ्यांसाठी नाही. आयुष्य एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात, अशी ही मुलं. अपघाताची भीती सगळ्यांत जास्त यांनाच, कारण महामार्गावर रात्री बाईक. तरुण आहेत, हप्ता कमी बसतो, पण त्यांच्याकडे विकायला कुणी येत नाही. मी त्यांच्याकडून एक अट घेतली: गोव्यातली कुठली हॉस्पिटलं नेटवर्कमध्ये आहेत ती यादी आधी बघायची, हप्ता नंतर. शनिवारी चौघेही यायचे आहेत.

साडेसात. घरी. आजची नोंद करायला बसले. म्हापशाच्या पानावर पुढचं लिहिलं: डिस्चार्ज बहुधा परवा, अंतिम मंजुरी तीन तासांत आली पाहिजे. उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा आकारलं तर ते कंपनीने सोसायचं, हे मुलीला आठवणीने सांगायचं.

तेवढ्यात मळगावचे काका. साखरेची मुदत कमी असलेलीच घ्यायची ठरली, मुंबईच्या झोनसह. आणखी एक शंका होती. "झील म्हणता, दोन वर्सांनी बदलापूरक घर घेतलंय तर?"

त्यांना म्हटलं, तेव्हा मला सांगा, नूतनीकरणाच्या आधी त्या कंपनीच्या नकाशात बदलापूर कुठे बसतं ते बघू. पॉलिसी हातात आली की तीस दिवस वाचायला मिळतात, पटली नाही तर परत करता येते. काकी मागून ओरडून विचारत होत्या, वाचून कोण दाखवणार? पुढच्या मंगळवारी बाजाराला आलात की वर या, मी वाचते, म्हटलं.

त्यांच्या पानाच्या डोक्यावर "डोंबिवली" लिहिलं, शेजारी पेन्सिलीने "बदलापूर?", आणि मंगळवारी अकराची वेळ.