ग्रामपंचायतीच्या पलीकडची वाडी

मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधल्या पट्ट्यात रायगड जिल्ह्याचे कर्जत आणि खालापूर हे तालुके येतात, एकातून लोहमार्ग तर दुसऱ्यातून द्रुतगती मार्ग जातो, आणि तरीही माथेरानच्या उतारावर, इरशाळगडाच्या परिसरात किंवा भीमाशंकरच्या पायथ्याशी वसलेल्या ठाकूर व कातकरी वाड्यांना भरवशाचे इंटरनेट मिळणे आजही अवघड आहे. याचे कारण केवळ अंतर नव्हे. दूरसंचाराच्या योजनांनी मोजणीचे एकक म्हणून ग्रामपंचायत स्वीकारली, आणि या डोंगराळ भागातील वस्ती मात्र वाडीवाडीने विखुरलेली आहे. खरी अडचण या विसंगतीत आहे.

ब्रॉडबँड म्हणजे सतत जोडलेली आणि ठरावीक किमान वेग देणारी इंटरनेट सेवा. भारतात हा किमान वेग पूर्वी सेकंदाला 512 किलोबिट मानला जात असे, तो 2023 मध्ये 2 मेगाबिटपर्यंत वाढवण्यात आला. अशी सेवा खेड्यांपर्यंत नेण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली; ही योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने ‘महानेट’ या नावाने हाती घेतले. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसाइतका बारीक काचेचा तंतू असून त्यातून प्रकाशाच्या स्पंदनांद्वारे माहिती वाहून नेली जाते. तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत ही केबल पोहोचली की कागदोपत्री ते गाव जोडले गेले असे धरले जाते.

परंतु एका ग्रामपंचायतीत अनेक वाड्या असतात आणि मधे ओढा, जंगल किंवा डोंगराची सोंड आडवी येते. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जात असल्याने सखल भागातील टॉवरचा सिग्नल सोंडेमागच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, आणि थोड्या घरांसाठी नवा टॉवर उभारणे कंपन्यांना परवडत नाही. त्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता रुंद करताना केबल तुटते आणि वीज गेली की यंत्रेही थांबतात.

याची किंमत जे आधीच परिघावर आहेत तेच मोजतात. शिधावाटपासाठी अंगठ्याची पडताळणी, योजनांसाठी ई-केवायसी, जातीच्या दाखल्याचा अर्ज ही सारी कामे आता ऑनलाइन झाल्याने, सिग्नल नसलेल्या वाडीतील माणसाला त्यासाठी रोजगार बुडवून बाजारगावी जावे लागते. कामासाठी वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांना तर अशी खेप वारंवार घालणे शक्यच नसते. ज्या राज्याने सेवा ऑनलाइन केल्या, त्यानेच इंटरनेटची वाट वाडीपर्यंत नेली पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले. 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ता राहिले. या आपत्तीचे खापर इंटरनेटच्या अभावावर फोडता येणार नाही. मात्र जी वाडी रस्त्याच्या नकाशात मागे पडते ती बहुधा सिग्नलच्या नकाशातही मागेच असते, आणि धोक्याचा इशारा वेळेवर पोहोचण्यासाठी दोन्ही लागतात.

उपाय अज्ञात नाहीत. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने दूरचित्रवाणीसाठी राखीव परंतु न वापरलेल्या लहरींवरून गावांना जोडण्याचा प्रयोग केला. या लहरी झाडीतून अधिक चांगल्या जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या उतारांसाठी त्या उपयोगी आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये केबल वर्तुळाकार जोडण्याची तरतूद आहे, जेणेकरून एका बाजूने ती तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. कातकरींसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात मोबाइल टॉवरचाही समावेश आहे.

कर्जत–खालापुरात या तरतुदींचा हिशेब वाडीनिहाय मांडला जावा, वाडीतील शाळा व अंगणवाडी ही जोडणीची पहिली ठिकाणे ठरावीत, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात केबल आली एवढ्यावर काम पूर्ण झाल्याचा दाखला यापुढे देऊ नये.