जँगो: आयत्या सोयीच्या आत काय चालते

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाचे दैनिक आहे. २००३ साली त्याच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी पीएचपी सोडून पायथन धरली आणि त्यातून जँगो हे वेब फ्रेमवर्क आकाराला आले. २००५ च्या जुलैत ते सर्वांसाठी खुले झाले. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टचे. संध्याकाळपर्यंत पान उभे राहिलेच पाहिजे, ही वृत्तपत्री घाई या फ्रेमवर्कच्या हाडीमांसी खिळली आहे. मॉडेल लिहून अ‍ॅडमिनमध्ये नोंदवले की उपसंपादकाला मजकूर भरायला स्क्रीन तयार!

ओआरएममुळे, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांशी पायथनमधूनच बोलू देणाऱ्या थरामुळे, एसक्यूएल लिहावी लागत नाही, आणि डोकेदुखीही तिथूनच सुरू होते. समजा, पानावर ५० बातम्या आहेत आणि प्रत्येकीखाली लेखकाचे नाव द्यायचे आहे. टेम्प्लेटमधली ओळ अगदी निरागस दिसते. प्रत्यक्षात बातम्यांची एक आणि लेखकांच्या ५०, अशा ५१ क्वेऱ्या डेटाबेसवर जातात. लॅपटॉपवर चारच नोंदी असतात, तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. लाइव्ह गेल्यावर पान रांगू लागते. म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशीच डीबग टूलबार बसवावा. त्याच्या एसक्यूएल पॅनलमध्ये एकसारख्या क्वेऱ्यांची रांग समोर येते. सिलेक्ट-रिलेटेड लावले की जॉइन होऊन एकाच क्वेरीत काम भागते. एका बातमीला अनेक टॅग असतील तर प्रीफेच-रिलेटेड. ते दुसऱ्या क्वेरीत सगळे टॅग एकदम आणून पायथनमध्ये जुळवते. दुरुस्ती झाली की असर्ट-नम-क्वेरीज वापरून टेस्ट लिहून ठेवावी, नाहीतर पुढे कुणीतरी टेम्प्लेटमध्ये एक फील्ड वाढवतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. टॉम क्रिस्टीच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये नेस्टेड सिरियलायझर लिहिताना हाच घोळ होतो, फक्त तो जेसनच्या आड लपतो. क्वेऱ्या न मोजता आधी कॅशसाठी रेडिस बसवणाऱ्यांना मी आळशीच म्हणेन.

टेबलांची रचना बदलणाऱ्या मायग्रेशनचेही तसेच. सुरुवातीची काही वर्षे टेबलातले बदल हाताने करावे लागत. मग अँड्रयू गॉडविनचे साउथ हे मायग्रेशनचे साधन आले; पुढे त्यानेच किकस्टार्टरवर पैसे उभे करून ही सोय २०१४ च्या १.७ आवृत्तीत थेट जँगोत आणली. आता लोक डोळे मिटून मायग्रेट मारतात. त्याआधी एसक्यूएलमायग्रेट चालवले तर डेटाबेसवर नेमके काय जाणार आहे ते वाचता येते. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलावर साधा इंडेक्स टाकला, तर तो तयार होईपर्यंत त्या टेबलात लिहिणे अडून राहते. तिथे अ‍ॅड-इंडेक्स-कन्करंटली वापरायचे आणि त्या मायग्रेशनला अ‍ॅटॉमिक फॉल्स करायचे, नाहीतर ते चालतच नाही.

असिंकचा गाजावाजा २०१९ च्या ३.० पासून आहे. ओआरएमला असिंक मेथड मिळाल्या असल्या तरी डेटाबेसचे काम आत अजून थ्रेडवरच चालते. नेहमीच्या फॉर्म-यादीच्या अ‍ॅपने त्या वाटेला जाण्याची गरज मला दिसत नाही.

आवृत्ती निवडताना एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, धरावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. अपग्रेडच्या आधी पायथनच्या सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून टेस्ट पळवाव्यात. पुढच्या आवृत्तीत काय काढून टाकले जाणार, ते त्या डेप्रिकेशन वॉर्निंगमध्ये ओळीनिशी कळते.